नावं घेण्याची तालीम

माझ्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा दादाने गावाकडून, मांजरीहून, फोन केला. तारीख सांगितली, कार्यालय सांगितलं, जेवणात काय असणार तेही सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आन् माईकवर तू उभा राहायचं."

"दादा, मला नाही जमायचं ते," मी म्हणालो. "गावातल्या कुणाला तरी सांग. सरपंच चांगले बोलतात."

"सरपंच सोताबद्दल चांगलं बोलतो. मला घरचा मानूस पायजे," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

ज्यांनी फक्त शहरातली लग्नं पाहिली आहेत त्यांना यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. आमच्याकडे मंगलाष्टका सुरू होण्याआधी बराच वेळ कुणीतरी माईकवर आलेल्यांचं स्वागत करत असतं. कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, भावकी, सोयरे, मुलीचे मामा, मुलाचे चुलते, असं प्रत्येकाचं नाव गावासकट आणि हुद्द्यासकट घ्यायचं असतं. माणसं येत राहतात, तशा मांडवातून चिठ्ठ्याही येत राहतात. एखादं नाव राहिलं, तर तो माणूस तिथे काही बोलत नाही. तो जेवतो, आहेर करतो, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या घराचा विषय निघाला की गप्प बसतो. आमच्या वहिनीचे थोरले भाऊ अशाच एका लग्नानंतर त्यांच्या मावसभावाच्या दारात गेले नव्हते. त्यांचं नाव घेतलं गेलं होतं, पण मंडपवाल्याच्या नंतर.

आणि मी तर चार माणसांत तोंड न उघडणारा. ऑफिसात कुणाचा निरोपसमारंभ असला की बोलायची वेळ जवळ यायच्या आत मी समोसे आले का ते बघायला जिन्याकडे जायचो. साहेबांनी बैठकीत काही विचारलं तर शेजारच्याकडे फाईल सरकवायचो. लोकांना वाटायचं, मी विनयशील आहे.

दादाला नाही म्हणणं मात्र माझ्या हातात नव्हतं. त्याला कारण आहे. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला भाषण करायचा तो दादा. मी खालच्या वर्गात, मैदानावर मातीत बसलेला. तो मागे हात बांधून उभा राहायचा, आवाज चढवायचा नाही, आणि तरी शेवटच्या रांगेतली आमची दंगा करणारी पोरं गप्प व्हायची. पुढे वडलांचं, आमच्या आबांचं, कमरेचं दुखणं वाढलं आणि उसाला पाणी द्यायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा दादाने शाळा सोडली. तेव्हा तो नववीत होता. मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो, वारज्याला फ्लॅट घेतला. बोलणारा तो होता आणि शिकलो मी. ही गोष्ट घरात कुणी कधी बोलून दाखवली नाही. त्यामुळे ती मला एकट्यालाच सांभाळावी लागली. कॉलेजात असताना घरून डबा यायचा, तो उघडतानाही मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

म्हणून मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या वक्तृत्व मंडळात जायला लागलो.

वारजे तेव्हा नुकतंच वाढत होतं. आमच्या इमारतीच्या मागे अजून शेत होतं आणि हॉलच्या खिडकीतून तिथल्या म्हशी दिसायच्या. रविवारी सकाळी टेबलटेनिसचं टेबल भिंतीला उभं करून ठेवायचं, खुर्च्या अर्धगोलात मांडायच्या आणि मंडळ सुरू. प्रमुख होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. आयुष्य सदाशिव पेठेत गेलेलं, मुलाकडे राहायला म्हणून वारज्याला आलेल्या आणि ते त्यांना फारसं पटलेलं नव्हतं. त्यांच्या शेजारी टपालखात्यातून निवृत्त झालेले एक काका बसत. काकांसमोर स्टीलची एक वाटी आणि चिंचोक्यांची पिशवी. बोलणाऱ्याने 'म्हणजे', 'काय आहे की', 'अं' असं काही विनाकारण म्हटलं की काका एक चिंचोका वाटीत टाकत. टण्ण असा आवाज यायचा. काका हे काम पोस्टाचा शिक्का मारावा तशा निर्विकार चेहऱ्याने करत.

पहिल्या रविवारी मला 'माझं गाव' हा विषय दिला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला बोलता येत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो."

"माफी शेवटी मागा," बाई म्हणाल्या. "तोवर कारणही झालेलं असेल."

मी मांजरीबद्दल काहीतरी बोललो. म्हणजे ऊस, म्हणजे कालवा, म्हणजे आमचं घर. वाटी वाजत राहिली. ती वाजली की मी दचकायचो, आणि दचकलो की पुन्हा 'म्हणजे' यायचं. मी बसलो तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या गावाला कालवा आहे एवढं कळलं. बाकी गाव पुढच्या रविवारी आणा."

काका बाहेर पडताना माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नका. माझ्या पहिल्या दिवशी वाटी भरली होती, म्हणून मग मला वाटीवरच बसवलं."

मी जात राहिलो. आता इतक्या वर्षांनंतर त्या रविवारांची आठवण येते ती भाषणांमुळे नाही. हॉलच्या फरशीचा सकाळचा गारवा, बाईंच्या पिशवीतली आल्याची वडी, काकांची वाटी आणि खिडकीबाहेरच्या म्हशी, हेच आठवतं. एक कंप्यूटरवाली मुलगी यायची, ती निम्मं इंग्रजीत बोलायची. बाई तिला म्हणायच्या, "एक भाषा पूर्ण करून मग दुसरीत जा. मधेच गाडी बदलू नकोस." ती हसायची आणि पुन्हा "ॲक्च्युअली" म्हणायची, आणि टण्ण. आठवडाभर ऑफिसात मी जितका कुणाशी बोलत नसे तितका तिथे दोन तासांत बोलायचो. घरी येताना उगाचच हलकं वाटायचं, आणि मग लगेच वाटायचं की दादा या वेळी शेतात असेल. सुख झालं की मागोमाग ते यायचंच.

हळूहळू वाटी कमी वाजू लागली. बाईंचे नियम साधे होते. सुरुवातीला 'सन्माननीय व्यासपीठ' वगैरे म्हणायचं नाही. नावांच्या माळा लावायच्या नाहीत. एका वाक्यात एका माणसाकडे बघायचं, वाक्य संपेपर्यंत नजर हलवायची नाही. आणि सांगायचं ते सांगून झालं की बसायचं. मी पुतणीच्या लग्नासाठी छोटं भाषण बसवलं होतं. ती लहानपणी उसाच्या बांधावर पाटी घेऊन कशी बसायची, असं काहीबाही होतं त्यात. बाईंनी ते कापून निम्मं केलं आणि उरलेलं त्यांना आवडलंही. तसं त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे म्हणायला हरकत नाही."

लग्न जवळ आलं तेव्हा एका रविवारी दादा पत्रिका द्यायला वारज्याला आला. मेथीच्या जुड्या आणि गुळाची ढेप घेऊन आला होता. मी हॉलवर निघालो होतो, तर म्हणाला, "चल, मीबी बघतो काय शिकवत्यात."

तो मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसला. मी पुतणीवरचं भाषण केलं. वाटी एकदाही वाजली नाही. टाळ्या पडल्या. मंडळाची रीत अशी की पाहुणा आला असेल तर त्याला शेवटी दोन शब्द बोलायला सांगायचं. बाई म्हणाल्या, "मुलीचे वडील आलेत. सांगा, धाकट्या भावाचं कसं वाटलं?"

दादा उभा राहिला. मागे हात बांधले. मला एकदम शाळेचं मैदान दिसलं.

"चांगलं बोलला," तो म्हणाला. "म्हंजे, मला काय म्हनायचं हाय की..." टण्ण. तो थांबला. "ह्यो आवाज कसला?"

"चालू द्या," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे असं असतं."

"बरं. तर काय हाय, म्हंजे..." टण्ण, टण्ण. काका नियमाला पक्के होते. माझी मान खाली गेली. शाळेत हा माणूस एक शब्द वाया घालवत नसे. नंतरची सगळी वर्षं तो मजुरांशी, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी आणि बैलांशी बोलला होता. वाटी त्याच्यासाठी वाजत होती आणि मी ऐकत होतो. काकांच्या हातातून ती वाटी काढून घ्यावी असं मला फार वाटलं. मी जागेवरून हललो नाही.

दादाला त्याचं काही नव्हतं. तो हसून म्हणाला, "वाजवा, वाजवा. माझं एवढंच इचारनं हाय. ह्याच्या भाषनात मानसांची नावं कवा येनार?"

"नावं पत्रिकेत असतात," बाई म्हणाल्या. "भाषणात घेऊ नयेत. ऐकणारे कंटाळतात."

"दुसऱ्याच्या नावाला कंटाळत्यात, बाई. सोताच्या नावाला कोन कंटाळतंय? मानूस तालुक्याच्या पार टोकावरनं एसटीनं येतो. उनात बसतो. त्यो काय ह्याचं भाषन ऐकाय येत न्हाई. त्येचं नाव माईकवरनं आलं की त्यो आल्यासारखा होतो."

बाईंना कुणी उलट बोलल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. त्या दादाकडे चष्म्यावरून बघत राहिल्या.

"किती नावं असतात?"

"माईक बंद पडंस्तोवर."

बाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "असं असेल तर घ्या नावं. पण रेशनच्या दुकानात पुकारतात तशी नकोत. एका नावाला एक नजर. तो माणूस सापडेपर्यंत पुढचं नाव घ्यायचं नाही. दोन रविवार आहेत ना? तालीम करू."

ती तालीम मी विसरू शकत नाही. सगळ्या मंडळाने वऱ्हाडी व्हायचं ठरवलं. काकांना कारखान्याचे संचालक केलं, तर ते खुर्ची पुढच्या रांगेत ओढून पाय पसरून बसले आणि त्यांचं नाव आल्यावर उठून चारी दिशांना नमस्कार करू लागले. कंप्यूटरवाल्या मुलीला मुलाची आत्या केलं. बाई स्वतः आमच्या वहिनीचे थोरले भाऊ झाल्या. मी त्यांचं नाव चेअरमनच्या नंतर घेतलं, तशा त्या उठून दाराकडे चालायला लागल्या.

"बाई, कुठे निघालात?"

"बाई कोण? मी मुलीचा मामा. मला चेअरमनच्या मागे बसवता? बहिणीला सांगा, मी जेवून आलोय."

"बसा हो मामा," काका संचालकाच्या आवाजात म्हणाले. "तुमचं नाव पुन्हा घ्यायला लावतो."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. प्रत्येक नावाला थांबून त्या माणसाकडे बघायचं, त्याने मान हलवली की पुढे जायचं. पहिल्यांदा हे सगळं नाटक वाटलं. दुसऱ्या रविवारी नाटक वाटेना. ज्या माणसाकडे मी बघायचो तो खरोखरच जरा सरळ बसायचा. हॉलच्या दारात दूधवाला उभा होता, तो म्हणाला, "साहेब, माझंबी घ्या की." मी घेतलं. तो लाजला आणि कॅन उचलून गेला.

लग्न मांजरीलाच होतं, शेताला लागून असलेल्या एका कार्यालयाच्या पटांगणात. मांडव मोठा, पंखे कमी. मी फेटा बांधून माईकजवळ उभा होतो. दादा दाराशी. मुलीच्या बापाची जागा ती. येणाऱ्याला हात जोडायचे, आत पाठवायचं आणि पुन्हा हात जोडायचे.

मी सुरू केलं. पहिलं नाव वहिनीच्या थोरल्या भावाचं घेतलं. त्यांच्या गावासकट, त्यांच्या वडलांच्या नावासकट. नजर त्यांच्यावर ठेवली. त्यांनी आधी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. मी थांबलो. मागून गुरुजी खाकरले. मी तरी थांबलो. शेवटी त्यांनी उपरणं सारखं केलं आणि हात जोडले. तिकडे बायकांमध्ये बसलेल्या वहिनीने पदर तोंडाला लावला, ते मला माईकवरून दिसलं.

मग नावं येत गेली. चिठ्ठ्या येत गेल्या. इथे मी ती नावं देत नाही, द्यायला लागलो तर एखादं राहील आणि ते लोक अजून आहेत. तालुक्याच्या टोकावरून एसटीने आलेले एक म्हातारे पार मागे खांबाला टेकून बसले होते, आमच्या आजीकडचे कुणी. त्यांचं नाव घेतल्यावर ते दिसेनात. मी वाट बघितली. शेजारच्याने त्यांना हलवून जागं केलं, तेव्हा ते उभे राहिले आणि कुठे बघावं न कळून त्यांनी पंख्याला नमस्कार केला. मांडव हसला. तेही हसले.

गुरुजींनी घड्याळ दाखवलं. माझ्या खिशात पुतणीवरचं ते बाईंनी कापून दिलेलं भाषण होतं. त्याला आता वेळ नव्हता. नवरी अंतरपाटाच्या मागे येऊन उभी राहिली होती. सगळी नावं झाली होती, कुणाचंही राहिलं नव्हतं. मी माईक खाली ठेवायला हवा होता.

पण माझी नजर दाराकडे गेली. दादा अजून तिथेच उभा होता, हात जोडून. एवढ्या मांडवात त्याचंच नाव आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. घरच्याचं नाव घरचा माणूस माईकवरून घेत नाही, तशी पद्धतच नाही. ते आपल्याच तोंडाने आपलं कौतुक केल्यासारखं होतं. हे मला माहीत होतं. तरी मी त्याचं नाव घेतलं.

मी म्हणालो, "दाराशी माझा थोरला भाऊ उभा आहे. आमच्या शाळेत भाषण तो करायचा. त्याने शाळा सोडली म्हणून मी शिकलो. आज या माईकवर खरं तर तो असायला हवा होता."

मांडवात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक चुलते शेजाऱ्याला म्हणाले, "ह्ये काय मधीच?" मी दादाकडे बघत राहिलो, नियमाप्रमाणे, वाक्य संपल्यावरही. दादाने माझ्याकडे बघितलंच नाही. तो वळला आणि जनरेटरवाल्यावर ओरडत बाहेर गेला. गुरुजींनी माझ्या हातातून माईक घेतला आणि मंगलाष्टका सुरू झाल्या. अक्षता पडत होत्या आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, की सगळी नावं नीट घेऊन शेवटी मी दादालाच चारचौघांत अवघडून टाकलं. त्याने एक काम सांगितलं होतं, त्यात मी माझं ओझं उतरवून घेतलं.

वहिनीचे थोरले भाऊ पहिल्या पंगतीला बसले आणि जिलबी मागून घेतली. कुणी रुसलं नाही. पाठवणी झाली, वऱ्हाडाच्या गाड्या गेल्या. दिवस मावळायला आला तेव्हा मांडवात मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. दादा एका कडेच्या खुर्चीवर चपला काढून बसला होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. मी जवळ गेलो तसं त्याने पायाने दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

"नावं चांगली घेतली," तो म्हणाला. "मेव्हना खूश होऊन गेला."

"बरं झालं."

"शेवटाला काय बोलत हुतास? जनरेटर लई आवाज करत हुता. मला काय ऐकाय आलं न्हाई."

जनरेटर त्या वेळी बंद होता. मंगलाष्टकांच्या आधी तो बंदच ठेवतात. मी उभाच होतो. मागे हात बांधून सांगायला सुरुवात केली, "दादा, मी म्हणालो की..."

"खाली बस की," तो म्हणाला. "उभं राहून कशाला सांगतोस?"

मी बसलो. मांडवभर लोकांसमोर जे बोललो होतो ते त्याच्या शेजारी बसून बोलायला मला खूप वेळ लागला. मधे मधे थांबलो. शाळेचं मैदान सांगितलं, पाण्याची पाळी सांगितली, कॉलेजातला डबा सांगितला. डब्याचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तो आपल्या पावलांकडे बघत ऐकत होता. पायाला मांडवातली हळद-माती लागली होती, ती अंगठ्याने काढत होता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "मी शाळा तुझ्यापायी न्हाई सोडली. मला गनित येत नव्हतं."

"भाषण तर यायचं."

"भाषन येत हुतं. गनित येत नव्हतं. मास्तर रोज मारायचा. आबांची कंबर दुखाय लागली, मला बरंच झालं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेताचा सगळा हिशेब तो तोंडी ठेवतो, आजही.

"खोटं बोलतोयस तू," मी म्हणालो.

"आसंल," दादा म्हणाला आणि चपलेत पाय घातले. "पर तू काय दर लग्नात माईकवर तेच सांगनार हायेस का? फुडल्या साली धाकटीचं करायचं हाय. तवाबी तूच उभा राहा. फकस्त नावं घे, आन् मला मधी घेऊ नगंस."